मागे बसून वाजवणं

रॉकवाल्या माणसाला सिनेमाचं काम मिळालं की लोकांना पहिला प्रश्न पडतो तो वाद्यवृंदाचा. ह्याला नोटेशन येतं का? व्हायोलिनवाल्यांचा एवढा ताफा समोर बसल्यावर हा त्यांना सांगणार काय? डॅनी एल्फमनच्या मागे हा प्रश्न वर्षानुवर्षं हात धुऊन लागला होता. ओइंगो बोइंगो नावाच्या बँडचा हा गायक. संगीताचं रीतसर शिक्षण झालेलं नाही. १९८५ मध्ये दिग्दर्शक टिम बर्टनने त्याच्याकडे आपल्या पहिल्या मोठ्या सिनेमाचं संगीत सोपवलं आणि १९८९ सरेपर्यंत 'बॅटमॅन'चं संगीत आणि 'द सिम्पसन्स'ची शीर्षकधून, दोन्ही त्याच्या नावावर जमा झालं होतं. बँडमधलाच गिटारिस्ट स्टीव्ह बार्टेक त्याच्या सुरावटी वाद्यवृंदासाठी मांडून द्यायचा, म्हणून मग कुजबुज: लिहितो दुसराच कोणीतरी, नाव ह्याचं.

मला हा प्रश्न कधीच फार मोठा वाटला नाही. नोटेशनचा कागद जन्मात न पाहिलेली माणसं आमच्याकडे रात्रभर नाटकाला साथ करतात, आणि ती साथ चुकत नाही.

खरी अडचण वेगळी असते. रॉकमध्ये गिटारवाला पुढे उभा असतो. दिवा त्याच्यावर असतो, गाणं संपत आलं की सगळे त्याच्या सोलोची वाट बघतात. सिनेमात त्याला मागे बसायचं असतं. पुढे माणसं बोलत असतात, दार वाजतं, समुद्र असतो, आणि ह्या सगळ्याच्या खाली, कोणाच्या लक्षात न येता काहीतरी वाजवायचं असतं. वीस वर्षं पुढे उभं राहायची सवय झालेल्या माणसाला हे जमणं सोपं नाही. मी मुंबईला कॉलेजात असताना बँडमध्ये गिटार वाजवायचे. आता देवगड तालुक्यात घरी परत येऊन राहिले आहे आणि ओळखीपाळखीच्यांच्या शॉर्टफिल्मना, मालवणी वेबसिरीजना पार्श्वसंगीत करून देते. पैसे बेताचे, आणि पावसाळ्यात लाइट असेल त्या दिवशीच काम. पण ह्या कामामुळे डायर स्ट्रेट्स ह्या बँडचा गिटारवाला मार्क नॉफ्लर मला नव्याने कळला. त्याहून जास्त कळले ते आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे चुलते. दशावतारात पेटी वाजवायचे. आता गुडघ्यांमुळे रात्रभर मांडी घालून बसवत नाही, म्हणून एखाद्या जत्रेपुरते जातात. ज्यांनी दहीकाला, म्हणजे आमचं हे दशावताराचं नाटक, पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: ह्या नाटकाची संहिता नसते. देवळाच्या मागच्या अंगाला आपापल्या पेटाऱ्यावर बसून तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं. तू राजा, तू राक्षस, अमुक ठिकाणी युद्ध, तमुक ठिकाणी शाप. संवाद तिथल्या तिथे. रंगमंचावर एक लाकडी बाक, तेच सिंहासन आणि वेळ आली की तोच डोंगर. एका बाजूला पेटी, पखवाज आणि झांज.

लहानपणी मी आप्पांच्या पाठीशी बसून नाटक बघायचे, त्यामुळे मला नटांपेक्षा आप्पांचे हात जास्त आठवतात. राजा बोलायला लागला की त्यांची नजर त्याच्या तोंडावर नसायची, छातीवर असायची. छाती भरून आली म्हणजे पद येणार. कुठल्या पट्टीत येणार याचा नेम नाही. नट ज्या सुरात तोंड उघडील तो सूर. पहिलं अक्षर बाहेर पडेपर्यंत आप्पांचं बोट काळी चार की पांढरी पाच ते शोधून बसलेलं असायचं. आणि राणीचा विलाप असला की ते जवळजवळ काही वाजवायचेच नाहीत. नुसता षड्ज धरून ठेवायचे. भाता इतका हळू की आवाज आहे की नाही असं वाटावं. राणीचा, म्हणजे लुगडं नेसलेल्या त्या मिशा काढलेल्या माणसाचा, हुंदका आला की तेवढाही सूर काढून घ्यायचे. त्या रिकाम्या जागेत पुढे बसलेल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे.

सिनेमात हेच काम होतं, फक्त उलट्या बाजूने. तिथे नट आधीच बोलून मोकळा झालेला असतो, त्याचा श्वास फिल्मवर गोठलेला. सेकंदाला २४ फ्रेम. मिनिटाला ६० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका बरोबर २४ फ्रेमचा, १२० धरली तर १२ फ्रेमचा. दार उघडतं त्या फ्रेमवर सम यायला हवी असेल तर मागे हिशेब करत यायचं आणि कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, घेऊन वाजवायचं. एवढं सगळं जमवून आणलं की दिग्दर्शक म्हणतो, तो शॉट आठ सेकंदांनी कापलाय. झालं. सुरावटीची मान मोडली. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्याकडे नट शॉट कापत नाही, वाढवतो. लोकांनी टाळ्या दिल्या की अर्ध्या तासाचा प्रवेश पाऊण तास.

आता नॉफ्लर. १९४९ मध्ये ग्लासगोत जन्मलेला, ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसल परिसरात वाढलेला. गिटारवर नाव काढण्याआधी लीड्सच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होता, मग कॉलेजात शिकवायचा. १९७७ मध्ये डायर स्ट्रेट्स उभा राहिला, १९७८ मध्ये पहिला अल्बम. ज्या गाण्याने हा बँड जगाला माहीत झाला ते गाणंच मुळी एका पबमध्ये वाजवणाऱ्या जुन्या बँडबद्दल आहे, ज्याच्याकडे तिथल्या पोरांचं लक्ष नाही. बातमीदाराची सवय. स्वतःचं दुःख सांगण्यापेक्षा कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्याकडे बघायचं. मला वाटतं सिनेमासाठी लागणारा अर्धा गुण त्याच्यात तिथूनच आला असावा. उरलेला अर्धा त्याच्या उजव्या हातात आहे. तो प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही. अंगठा आणि दोन बोटांनी तारा छेडतो. त्यामुळे सूर टोचत नाही. पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलने तो सुराची सुरुवातच पुसून टाकतो, तार छेडल्याचं ऐकूच येत नाही, सूर कुठून तरी वर येतो. आप्पांचा भाता आणि नॉफ्लरचं ते पेडल यांत मला तरी काही फरक दिसत नाही.

त्याचा पहिला सिनेमा 'लोकल हीरो', १९८३ चा, दिग्दर्शक बिल फोर्सिथ. गोष्ट कोकणातल्या माणसाला सांगायची म्हणजे फार प्रस्तावना लागत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनची एक तेल कंपनी. तिला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं एक अख्खं कोळ्यांचं गाव विकत घ्यायचंय, रिफायनरीसाठी. कंपनी आपला एक तरुण माणूस पाठवते. गावात टेलिफोनचा एकच लाल डबा. कंपनीच्या मालकाला मात्र तेलापेक्षा आकाशात जास्त रस, तो त्या माणसाला सांगतो की तिथे धूमकेतू दिसतो का बघ आणि फोन कर.

आमच्या तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावं नाणारच्या रिफायनरीच्या यादीत होती. खाडीपलीकडे राजापूर तालुक्यातली बाकीची. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा प्रकल्प येणार म्हणून गावागावांत जे काही झालं ते मी परत सांगत बसत नाही. मार्च २०१९ मध्ये सरकारने तिथलं भूसंपादन रद्द करत असल्याचं जाहीर केलं, मग जागा म्हणून बारसूचं नाव आलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाच्या वेळी बायामाणसं भर उन्हात सड्यावर बसली. घराघरांत दोन मतं होती. आमच्याही घरात होती. त्यामुळे हा सिनेमा आप्पांना दाखवायचा म्हणजे जरा जपूनच होतं.

एका संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि मी शेजारी बसून संवाद मराठीत सांगत गेले. आप्पा गुडघ्याला तेल चोळत बघत होते. सिनेमातली गंमत अशी की गाव विकायला तयार आहे. एका पायावर तयार. हॉटेलवाला, चर्चचा पाद्री, कोळी, सगळे मनातल्या मनात पैसे मोजतायत आणि वरून मात्र भाव वाढावा म्हणून नाखूश असल्यासारखं दाखवतायत. अडतो एक म्हातारा, बेन. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, झोपडीत राहणारा. पुळण त्याच्या मालकीची, चारेक शतकांपूर्वी कोणा सरदाराने त्याच्या पूर्वजाला दिलेली. तो मूठभर वाळू उचलतो आणि विचारतो, ह्यात जेवढे कण आहेत तेवढे पौंड द्याल? कंपनीच्या माणसाला वाटतं म्हातारा लाखोंचा डाव टाकतोय. तो नाही म्हणतो. वाळूचे कण असतात दहाएक हजारच. स्वस्तात सुटलं असतं.

इथे मला वाटलं आप्पा रिफायनरीवरून काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "म्हातारो बरो आसा गो. पण ह्येच्या सातबाऱ्यार एकट्याचाच नाव कसा?"

ह्या एका वाक्यात सिनेमाची सगळी सोय उघडी पडली. आमच्याकडे एका गुंठ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी परळ-लालबागला, काही वारलेली, एक बडोद्याला. अडवणारा एकच म्हातारा शोधून त्याच्याशी बोलता येईल असं कोकण अजून कोणी पाहिलेलं नाही. शिवाय सिनेमात मालक स्वतः हेलिकॉप्टरने येतो, म्हाताऱ्याशी दोन घटका आकाशाच्या गप्पा मारतो आणि रिफायनरीचा बेत बदलून तिथे वेधशाळा आणि समुद्राच्या अभ्यासाची संस्था काढायचं ठरवतो. हे ऐकून आप्पांनी विजयदुर्गच्या दिशेला हात केला. तिथे किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत, १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण बघण्यासाठी बांधले गेले म्हणतात. साहेब लोकांना आमच्या किनाऱ्यावरून आकाश बघायची हौस जुनीच.

संगीताबद्दल आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही मुद्दाम विचारलं नाही. पहिला अर्धा तास उलटून गेल्यावर त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मधी मधी गप रवता हो. खय गप रवाचा ता ह्येका कळता."

ह्या सिनेमाच्या संगीताचा अल्बम मी कॉलेजपासून ऐकत होते, पण ऐकण्याचा अर्थ तेव्हा वेगळा होता. अल्बममध्ये 'गोइंग होम' ही प्रसिद्ध सुरावट कुठे येते ते मला पाठ होतं. सिनेमात ती जवळजवळ येतच नाही, हे आप्पांच्या शेजारी बसून बघेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इथे दोन सूर, तिथे चार. पुळणीवरून चालताना तिची एक ओळ, तीही अर्धी. मध्ये गावच्या सभागृहात नाच आहे; स्थानिक बँड वाजवतोय, बायाबापडी नाचतायत, तिथलं संगीत गावाचं आहे की सिनेमाचं, सांगता येत नाही, आणि बाहेर आकाशात उत्तरेकडचे ते हिरवे प्रकाश. नॉफ्लरने तिथे गिटार पुढे काढली असती तर कोणी अडवलं नसतं. पहिलाच सिनेमा, नाव एवढं मोठं. तो काढत नाही.

आणखी एक गोष्ट त्या संगीताने केली आहे. सिनेमातलं गाव आणि सिनेमातली पुळण एका जागची नाहीत. घरं आहेत पेनन ह्या गावातली, स्कॉटलंडच्या पूर्वेकडची. वाळू आहे कॅमसडॅरकची, पश्चिम किनाऱ्यावरची. मध्ये अख्खा देश. माणूस घरातून निघतो आणि दुसऱ्या समुद्रावर पोचतो. बघताना हे कोणालाही खटकत नाही, कारण दाराबाहेर पडताना जो सूर धरलेला असतो तोच वाळूवर पाय पडेपर्यंत चालू राहतो.

आणि शेवट. कंपनीचा माणूस ह्यूस्टनला परत गेलाय. उंच इमारतीतला त्याचा फ्लॅट, खिशातून काढलेले शिंपले. मग एकदम ते गाव, तो लाल टेलिफोनचा डबा, आणि त्यात घंटा वाजतेय. तिथे सिनेमा संपतो आणि तिथे, नावं वर सरकायला लागल्यावर, पहिल्यांदा ती सुरावट पूर्ण वाजते. गिटार, मागून मायकेल ब्रेकरचा सॅक्सोफोन, सगळं. म्हणजे थिएटरातले लोक चपला शोधत उठायला लागतात तेव्हा. दीड-पावणेदोन तास हातात हुकमाचं पान धरून बसायचं आणि डाव संपल्यावर ते टाकायचं, ह्याला छाती लागते. पुढे उभं राहून वाजवणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत टाकून मोकळा झाला असता.

पुढचं थोडक्यात सांगते. १९८४ मध्ये त्याने उत्तर आयर्लंडवरच्या 'कॅल' ह्या सिनेमाला संगीत दिलं, त्यात लिअम ओफ्लिनची आयरिश पाइप्स आहे; ह्याच सुमारास सिनेमाच्या कामासाठी म्हणून बोलावलेला कीबोर्डवाला गाय फ्लेचर पुढे डायर स्ट्रेट्समध्येच आला. १९८७ मध्ये 'द प्रिन्सेस ब्राइड'. त्याची एक कहाणी सांगतात. दिग्दर्शक रॉब रायनरने आधी एका काल्पनिक रॉक बँडची टर उडवणारा सिनेमा काढला होता आणि त्यात स्वतः एक टोपी घालून वावरला होता. नॉफ्लरने अट घातली, ती टोपी ह्या सिनेमात कुठेतरी दिसली पाहिजे. मूळ टोपी मिळाली नाही, म्हणून तिच्यासारखी दुसरी सिनेमातल्या आजारी मुलाच्या खोलीत अडकवली. नंतर तो म्हणाला, अहो, मी गंमत केली होती. १९९७ मध्ये 'वॅग द डॉग', आणि मग बराच काळ स्वतःची गाणी. २०१६ मध्ये तालवादक एव्हलिन ग्लेनीबरोबर 'आल्तामिरा', स्पेनमधल्या गुहाचित्रांच्या शोधावरचा. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं पाहिली की हे आठवतंच. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांच्यावर कोणी सिनेमा काढलाच तर देव करो आणि त्यात बासरी न येवो.

बासरीवरून आठवलं म्हणून टीव्हीबद्दल बोलते. पडद्यावर कोकण आलं की माडांच्या शॉटवर बासरी, आणि होडी दिसली की कोळीगीताचा ठेका. तो ठेका मुंबई-रायगडकडचा. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढताना मी तरी कोणाला असं गाताना ऐकलेलं नाही. शिव्या मात्र लयीत असतात. ह्यात संगीतकाराचा दोष थोडा आणि पद्धतीचा जास्त. रोजच्या मालिकेला दृश्य बघून वाजवायला वेळ नसतो. सुरुवातीला एकदा दुःखाचे, रहस्याचे, विनोदाचे, प्रेमाचे असे तुकडे करून घेतात आणि मग एडिटर रोज त्यातला हवा तो उचलून चिकटवतो. सासूने मान वळवली, ढॅण. परत वळवली, परत ढॅण. आप्पा हे बघताना पेटीवाल्याची कीव करतात. "ह्येका गप रवाक देनतच नाय," म्हणतात.

टीव्हीवर चांगलं काम झालेलं नाही असं मात्र नाही. 'द पोलीस' ह्या बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड ऐंशीच्या दशकात 'द इक्वलायझर' ह्या मालिकेला संगीत द्यायचा, आणि ते ऐकलं की ड्रमरचं डोकं लगेच ओळखू येतं. त्याआधी १९८३ मध्येच, म्हणजे नॉफ्लरच्याच साली, त्याने दिग्दर्शक कोपोलाच्या 'रंबल फिश' ह्या सिनेमासाठी रस्त्यावरचे आणि यंत्रांचे आवाज लयीत गुंफले होते. सिनेमाकडे परत यायचं तर, नाइन इंच नेल्स ह्या रॉक बँडचा ट्रेंट रेझ्नर आणि त्याचा जोडीदार अॅटिकस रॉस यांना 'द सोशल नेटवर्क'साठी ऑस्कर मिळालं, ते २०१० च्या सिनेमाचं. रेडिओहेड बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड २००७ मध्ये 'देअर विल बी ब्लड' करून बसला, तोही तेलावरचाच सिनेमा. तिथे तंतुवाद्यं सुरुवातीलाच असा घसरता सूर लावतात की वाळवंटात अजून काही घडलेलंही नसताना पोटात गोळा येतो. मला ग्रीनवुड ह्या सगळ्यांत सर्वांत हुशार वाटतो. प्रेम नॉफ्लरवर आहे, ते वेगळं.

दशावतारही आता बदललाय. बोर्डावर 'ट्रिकसीनयुक्त' असं लिहिलेलं असतं, धूर निघतो, साप हलतो, पेटीच्या जोडीला काही ठिकाणी ऑर्गन आणि पॅड आलेत. राक्षस प्रवेशला की पॅडवर असा काही गडगडाट होतो की पखवाजवाला हात मांडीवर ठेवून बसून राहतो. आप्पांना त्याचा राग नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पॅडवाल्या पोराने नटाकडे बघून वाजवावं, लोकांकडे बघून नव्हे.

'लोकल हीरो'ची ती शेवटची सुरावट नंतर भलतीकडेच गेली. न्यूकॅसल युनायटेड ह्या फुटबॉल संघाच्या घरच्या मैदानावर सामन्याआधी ती वाजते. नॉफ्लर त्याच भागात वाढलेला, तेव्हा शोभतं. मार्च २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. पन्नासहून अधिक नामवंत त्यात वाजवतायत, एरिक क्लॅप्टन, डेव्हिड गिल्मर, ब्रायन मे, ब्रूस स्प्रिंगस्टीन, ड्रमवर रिंगो स्टार. सुरुवात जेफ बेकच्या गिटारने होते. तो जानेवारी २०२३ मध्ये गेला. हे त्याचं अखेरचं ध्वनिमुद्रण. सगळी मिळून नऊ-दहा मिनिटं. प्रत्येक जण आपापला वाटा घेऊन पुढे येतो आणि जातो. सिनेमात ह्या सुरावटीला जेवढं दाबून ठेवलं होतं तेवढी इथे ती मोकाट सुटली आहे. जेफ बेकचे सुरुवातीचे सूर सोडले तर मला जुनीच आवडते.

आप्पांनी ती पूर्ण ऐकली. मध्ये थांबव म्हणाले नाहीत, हे विशेष. संपल्यावर विचारलं, "इतक्यांची नाईट कोणी दिल्यान?" नाईट म्हणजे एका रात्रीच्या खेळाचे पैसे.

मी सांगितलं, आप्पानू, हे पैसे कॅन्सर झालेल्या पोरांसाठी आहेत.

"मगे बरा," ते म्हणाले, आणि पुढच्या जत्रेला पखवाजावर कोण बसणार आहे ते विचारायला त्यांनी कंपनीच्या मालकाला फोन लावला. कंपनी म्हणजे आमची, दशावताराची.